आठ घडे

खासगी तळं बारा महिने काठोकाठ भरलेलं ठेवायला किती खर्च येतो, हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर विचारला जातो. मी पाण्यावर चार लेख लिहिले म्हणून मला पंपातलंही कळतं असा लोकांचा समज झालेला दिसतो. विचारणारे बहुतेक आपल्याच समाजातले असतात. व्यापारात चार पैसे मिळवलेले, पर्युषणात उपवास करणारे, कंदमूळ न खाणारे. त्यांतल्या एकांनी पेडणे तालुक्यात सड्यावर जमीन घेतली आहे. तिथे बंगले बांधून विकायचे आणि मधोमध वॉटर स्कीइंगसाठी लांबट तळं खणायचं, असा बेत आहे. मला म्हणाले, "ताई, पाण्याची काळजी नाही, बोअरला भरपूर लागलंय. प्रश्न फक्त लायटीच्या बिलाचा आहे."

'फक्त' या शब्दाशी माझं भांडण आहे. हा लेख त्यासाठीच.

आधी हा खेळ समजून घेऊ. बोटीच्या मागे दोरी धरून, पायाला फळ्या बांधून पाण्यावरून घसरत जायचं, हे वॉटर स्कीइंग. १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाने हा प्रकार पहिल्यांदा जमवला असं मानतात. लेक पेपिन म्हणजे मिसिसिपी नदीचंच रुंदावलेलं पात्र. म्हणजे खेळ जन्मला तो निसर्गाने भरलेल्या पाण्यावर, तिथे कुणाला पंप लावावा लागला नव्हता. पुढे स्पर्धा आल्या, मापं आली. स्लालम नावाच्या प्रकारात बोयांच्या रांगेतून नागमोडी जायचं असतं आणि ती रांग २५९ मीटर लांब असते. दोन्ही टोकांना बोटीला वेग घ्यायला आणि वळायला जागा हवी, म्हणून तळं सहाशे मीटरच्या घरात जातं. पाणी सपाट हवं, लाट नको. म्हणून शंभर किलोमीटरचा समुद्रकिनारा दाराशी असूनही यांना तळं हवं. शिवाय पातळी सारखी हवी, कारण पाणी उतरलं की बोटीमागची लाट बदलते, धक्का उघडा पडतो आणि गाऱ्यात फळ्या रुततात. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या ठिकाणी भूजल इतकं वर असतं की खणलं की पाणी आपोआप येतं. आपला सडा जांभ्या दगडाचा. चाळणीच ती. वरून ओतलं की खाली जातं, आणि जाऊन जातं कुठे, तर पायथ्याच्या झरीत आणि विहिरीत.

आता हिशेब. गृहस्थ वाणी समाजाचे आणि मीही, तेव्हा हिशेबाला कुणी नावं ठेवू नयेत. तळं सहाशे मीटर लांब, पंचाहत्तर मीटर रुंद आणि दोन मीटर खोल धरू. क्षेत्र ४५,००० चौरस मीटर, म्हणजे साडेचार हेक्टर. पाणी मावतं नऊ कोटी लिटर. गोव्यात वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. म्हणजे आश्विनात तळं फुकट भरलेलं असणार, याबद्दल वाद नाही. खर्च सुरू होतो त्यानंतर. उन्हाने रोज पाच मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. ऐकायला काहीच नाही, नखाएवढं. पण साडेचार हेक्टरांवरून नखाएवढं उडालं की ते होतं सव्वादोन लाख लिटर. तळाला चिकणमाती चांगली ठोकून बसवली तरी तेवढंच जमिनीत मुरणार असं समजू. जांभ्यावर माती नीट बसली नाही तर याच्या कितीतरी पट. तेव्हा रोजची तूट साडेचार लाख लिटर. दहा हजार लिटरचे पंचेचाळीस टँकर. रोज, आठ महिने.

जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी द्यायचं ठरवलं आहे. साडेचार लाखांना पंचावन्नने भागा. आठ हजारांवर माणसं.

आणि बिल? तीस मीटर खोलीवरून साडेचार लाख लिटर उपसायला, पंपाची आणि मोटरची मिळून निम्मी ताकद वाया गेली असं धरलं, तरी पंचाहत्तर युनिटच्या आसपास वीज लागते. युनिटला आठ रुपये लावले तर दिवसाचे सहाशे रुपये. एका रुपयाला साडेसातशे लिटर. स्की ओढणारी मोठ्या इंजिनची बोट तासाला पंधरा-वीस लिटर पेट्रोल पिते. म्हणजे आठ हजार माणसांचं दिवसभराचं पाणी बोटीच्या अर्ध्या तासाच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडलं.

मी हे त्या गृहस्थांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "एवढंच? मग काही प्रश्नच नाही!"

प्रश्न तिथूनच सुरू होतो. पंपाचा खर्च हाच पाण्याचा खर्च, ही समजूत आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की पाण्याला स्वतःची काही किंमत असेल हे डोक्यात येतच नाही. बिल येतं ते पाणी वर उचलण्याच्या श्रमाचं. जे उचललं ते कुणाचं होतं, त्याचं बिल कुठल्याच खात्यात फाडलं जात नाही. हमालाची मजुरी दिली म्हणून पोतं आपलं होत नाही, हे दुकानात बसणाऱ्या माणसाला मी काय सांगायचं.

हा हिशेब गोव्याला नवा नाही. डिचोलीने तो दोन पिढ्या सोसला, फक्त पंपाचं तोंड उलट दिशेला होतं. शिरगाव, मुळगाव, पिळगाव, मये, लामगाव ही गावं खनिजाच्या पट्ट्यात बसलेली. लोहखनिज खणत खणत खाणी भूजलाच्या खाली गेल्या, काही तर समुद्रसपाटीच्याही खाली. खड्ड्यात चहूकडून पाणी भरू लागलं, आणि खनिज काढायचं तर ते रात्रंदिवस उपसून बाहेर फेकणं आलं. खाणीच्या वहीत त्याची नोंद होती: डिझेल इतकं, वीज इतकी. शेजारच्या गावात बायांचे दोर लांबत गेले, मग दोर पुरेनात, मग बांयच कोरडी पडली, याची नोंद त्या वहीत कुठे असणार? मग त्याच गावात टँकर यायचा, आणि त्याबद्दल आभारही मानायचे! शिरगाव म्हणजे लईराईचं गाव. जत्रेला हजारो धोंड तळीवर न्हाऊन अग्निदिव्याला निघतात. ज्या गावाचा सगळा उत्सव पाण्यापासून सुरू होतो, त्या गावाला विहिरी आणि झरी आटल्याची तक्रार घेऊन न्यायालयाचं दार वाजवावं लागलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१४च्या निकालाने २००७ नंतरचं खणणं बेकायदा ठरवलं, ७ फेब्रुवारी २०१८ला ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं. निकाल वाचताना लोक खनिजाच्या टनांबद्दल आणि बुडालेल्या पैशांबद्दल बोलतात. खाणीच्या पंपांनी किती पाणी उपसून ओहळांत सोडलं, त्याचा हिशेब कुणी मागितला नाही. खनिज चोरीला जातं, पाणी नुसतं 'काढून टाकलं' जातं.

आता पेडण्याकडे वळा. पेडण्याच्या पाण्याचा मोठा भार तिळारीवर. धरण सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून बांधलेलं, खर्चातला मोठा वाटा गोव्याचा. कालवा डोंगरकपारीतून वळत येतो आणि पेडणे, डिचोली, बार्देशला पाणी देतो. चांदेलचा पाणी शुद्धीकरण प्रकल्प याच पाण्यावर चालतो. कालवा कुठे फुटला की चांदेल लंगडतं आणि तालुक्यातल्या बाया घागरी काढतात. कालवा फुटायला फार मोठं कारण लागत नाही, हे पेडणेकरांना वेगळं सांगायला नको. शेतीसाठी म्हणून हा कालवा आला. मग धारगळला त्याच्या लाभक्षेत्रातली लाखो चौरस मीटर जमीन एका करमणूक प्रकल्पासाठी लाभक्षेत्रातून वगळली गेली. त्या प्रकल्पाच्या बेतात कॅसिनो आहे, हॉटेलं आहेत आणि वॉटर पार्कही आहे. म्हणजे ज्या जमिनीला भात पिकवायला पाणी द्यायचं होतं, तिथे पाण्याच्या घसरगुंड्या. तिकडे तेरेखोलच्या चिंचोळ्या टोकावर गोल्फचं मैदान आणण्याचा बेत आला, तेव्हा गाव उठून उभं राहिलं. अठरा भोकांच्या हिरवळीला मे महिन्यात काय लागतं ते तिथल्या लोकांना न शिकवता कळलं होतं. मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला. डिसेंबर २०२२मध्ये उद्घाटन. त्याच्या वादात पायथ्याच्या झरींचा मुद्दा सारखा येत राहिला, आणि सारखा मागे पडत राहिला.

अशा तालुक्यात बोअरचं पाणी 'आपलं' म्हणायचं! बोअर खासगी असेल, खडकातली भेग खासगी नसते. तुमच्या बोअरने सड्याच्या पोटातलं पाणी ओढलं की खालच्या वाड्यावरची झर पौषात आटते. पूर्वी वैशाखापर्यंत पुरायची. तिथली बाई काही तुमच्याकडे बिल घेऊन येणार नाही. तिला ते कुणामुळे आटलं हे कळणारही नाही. ती म्हणेल यंदा पाऊसच कमी झाला असेल.

आता माझ्या समाजबांधवांशी थोडं घरातल्या भाषेत बोलते, इतरांनी हवं तर ऐकावं.

आपण पाणी गाळून पितो. का पितो? पाण्याला आपण निर्जीव वस्तू मानत नाही. अप्काय म्हणजे पाणी हेच ज्यांचं शरीर असे जीव, आणि त्यात फिरणारे सूक्ष्म जीव वेगळेच. माझी आजी पाणी गाळून झालं की गाळण्यात राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत अलगद सोडायची. दुसरीकडे टाकलेली तिला चालायची नाही. ज्याचं घर जिथे, तिथेच तो गेला पाहिजे. एका घागरीबद्दल ही काळजी. आणि आम्ही साडेचार लाख लिटर रोज जमिनीच्या पोटातून काढून उन्हात उडवणार, त्यावर पेट्रोलची बोट फिरवणार, आणि संध्याकाळी घरी जाऊन पेलाभर पाणी गाळून पिणार.

शास्त्राचं म्हणाल तर श्रावकाला वर्ज्य सांगितलेले पंधरा धंदे आहेत, पंधरा कर्मादानं. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ती सविस्तर आली आहेत. त्यांत एक आहे स्फोटजीविका, म्हणजे जमीन फोडून, खणून पोट भरणं. उदाहरणांत तळी-विहिरी खणण्याचा धंदाही आला आहे. आणि यादीच्या शेवटी आहे सरःशोष: तलाव, डोह उपसून कोरडे करणं. बाराव्या शतकात, विजेचा पंप नसताना, मोटेच्या आणि रहाटाच्या काळात त्यांना हे धोक्याचं वाटलं. डिचोलीच्या खाणीत या यादीतले दोन्ही धंदे एकाच खड्ड्यात चालले. ही यादी मुनींसाठी नाही बरं का, तुमच्या-माझ्यासारख्या घरसंसार करणाऱ्यांसाठी आहे. कुणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनीही तळी बांधली. बांधली, वाटसरूंसाठी आणि गुराढोरांसाठी. धंदा म्हणून विकायला कुठली बांधली, दाखवा.

आणि अनर्थदंड? गरजेपुरती हिंसा संसारी माणसाला टळत नाही, हे आपल्या आचार्यांनी समजुतीने मान्य केलं. पण निष्कारण जमीन खणणं, निष्कारण पाणी सांडणं, निष्कारण आग पेटवणं हे त्यांनी वेगळं काढून ठेवलं. स्की तळ्यात तर तिन्ही आली.

श्रीमंतीचं कारण सांगू नका. उपासकदशांगात आनंद श्रावकाची कथा आहे. बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी, चाळीस हजार गाईंचे गोठे. आजच्या भाषेत बोलायचं तर तो आपल्या सगळ्यांना विकत घेईल. त्याने महावीरांसमोर व्रतं घेतली तेव्हा आपली संपत्ती टाकून दिली नाही, मर्यादा घातली. स्नानाला किती पाणी? आठ घडे. प्यायला कुठलं? फक्त आकाशातून पडलेलं. मला ही कथा भाबडी वाटत नाही. ज्याच्याकडे सगळं आहे त्यानेच पाण्याचा आकडा ठरवावा, कारण गरिबाचा आकडा विहीरच ठरवते. आणि तो आकडा पैशात मोजला नाही, घड्यांत मोजला. आनंदला घड्यामागे हमालीचा खर्च किती येईल असं त्याने विचारल्याचं तरी मला कुठे आढळलं नाही.

कुडण्याला, डिचोली तालुक्यातच, जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. बांदिवड्याला नेमिनाथ बस्तीचे आहेत. आपला समाज या मातीत काल आलेला नाही. पण आज आपण तिथे नवे भाटकार म्हणून ओळखले जाऊ लागलो तर तो दोष आपल्याकडे येईल.

आता युक्तिवादांकडे. पहिला प्लास्टिकचा. तळाला जाड प्लास्टिक अंथरलं की मुरणं बंद, निम्मा उपसा वाचला. वाचला खरा, पण पावसाचं साडेतेरा कोटी लिटर पाणी त्या साडेचार हेक्टरांवर पडतं, त्यातलं मुरून खाली जायचं तेही बंद. पूर्वी नुसतं काढत होतात, आता देणंही थांबवलंत. दुसरा सौरपंपाचा. हा मला सगळ्यांत धोकादायक वाटतो, कारण त्याला सगळे मान डोलावतात. विजेचं बिल हा आजच्या घडीला उपशावरचा एकुलता एक लगाम आहे, तोही इतका ढिला. सूर्य बिल पाठवत नाही. मग पंप बंद करायला कारण काय उरलं? तिसरा खाणींच्या खड्ड्यांचा: ते आपोआप भरलेत, उपसा नको, तिथेच स्की करू. खड्ड्यांचे कडे सरळ तुटलेले आहेत, पावसात ढासळतात, ते एक. आणि ते पाणी आपोआप आलेलं नाही, उपसा थांबला म्हणून गावाचं पाणी गावात परत आलं आहे. त्यावर पहिला हक्क ज्यांच्या बांया आटल्या त्यांचा. रोजगाराबद्दल एवढंच म्हणते की बोट चालवणारा एक, गवत कापणारे चार. वायंगण पिकवणाऱ्या शेताला याहून जास्त हात लागतात.

मला तळ्यांचा राग नाही. हरमलला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचं तळं आहे, मयेचं तळं आहे, गावोगाव देवळाच्या तळ्या आहेत. या सगळ्यांचा एक स्वभाव आहे: ती उतरतात. श्रावणात पायऱ्या बुडतात, माघात दिसू लागतात, वैशाखात तळाचा गाळ उघडा पडतो, आणि तो गाळ काढून लोक शेतात टाकतात. उतरणारं तळं आजूबाजूच्या जमिनीबरोबर जगतं. बारा महिने काठोकाठ भरलेलं तळं शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते न पाहता दिवे लावून बसलेल्या बंगल्यासारखं आहे. अट 'तळं' ही नाहीच, अट 'भरलेलं' ही आहे. तिच्यावर पैसे खर्च होतात आणि तिच्यासाठी बंगल्याची किंमत वाढते.

हौस असेल तर भागवा. दोन मीटरच्या तळ्यातून आश्विन ते मार्गशीर्ष नुसत्या उन्हाने अर्धा मीटर जाईल, मुरून तेवढंच. तोवर खेळा, पुढे बोट शेडमध्ये. हेच त्या गृहस्थांना लिहून पाठवलं. उत्तर आलं, "डिसेंबर ते मार्च तर सीझन असतो, ताई."

सीझन तुमचा आहे आणि टंचाईही त्याच्याच पाठोपाठ येते.

कायदा अगदी नाही असं नाही. गोव्यात २००२ पासून भूजल नियमनाचा कायदा आहे, बोअरला परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, मनाळीजवळ बियास नदीचा प्रवाह वळवणाऱ्या एका हॉटेलच्या खटल्यात, नद्या आणि अशी संपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून आहे असं स्पष्ट सांगितलं. ठेव म्हणजे काय हे सराफाला आणि सावकाराला कळतं, तेव्हा आपल्या लोकांना कळायला हरकत नाही. पण परवानगीचा कागद एकदा मिळाला की पुढे किती उपसलं ते पाहायला कुणी फिरकत नाही.

तेव्हा पेडणे आणि डिचोलीतल्या पंचायतींना माझं सांगणं आहे. घरगुती वापराच्या पलीकडे जो कुणी बोअर चालवतो, मग तो रिसॉर्ट असो, तरणतलाव असो की स्कीचं तळं, त्याच्या पंपावर मीटर बसवून घ्या, आणि पैसे विजेचे नव्हे, लिटरचे लावा. दर आठवड्याचा आकडा पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा, तारखेसकट, मालकाच्या नावासकट. फाल्गुनापासून पायथ्याच्या वाड्यावरच्या एका झरीची धार मोजायला शाळेतली पोरं बसवा. त्यांना घड्याळ आणि बालदी पुरते. आणि ज्या दिवशी चांदेलचा नळ बंद, त्या दिवशी तळ्याचा पंपही बंद.